विजेवरची मोटार, घरचे चार्जिंग आणि एक चुकलेले निदान

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा आपल्या विषयावर, म्हणजे भूलशास्त्रावर, काही लिहावे असा माझा मानस होता. परंतु गेल्या काही महिन्यांत मंडळाच्या प्रत्येक बैठकीत, चहाच्या वेळी, मला एकच प्रश्न विचारला गेला, "डॉक्टर, विजेची गाडी घेतलीत म्हणे! परवडते का? आणि घरी चार्ज कशी करता?" प्रत्येकाला निराळे उत्तर देण्यापेक्षा सर्वांना मिळून एकदाच द्यावे, म्हणून हा लेख. मी विद्युत अभियंता नाही. एका नव्या गाडीमालकाने चुकतमाकत जे शिकले, तेवढेच येथे मांडले आहे. त्यात माझ्या एका चुकलेल्या निदानाची कबुलीही आहे. ती वगळून हा लेख पूर्ण झाला नसता.

गरज मुळात किती?

इंदूरमध्ये चार-पाच शुश्रूषागृहांत भूल देण्यासाठी माझी रोज फिरती असते. दिवसाकाठी साधारण ३० किलोमीटर होतात, आणि रात्री-अपरात्री बोलावणे येते ते निराळेच. त्यामुळे गाडी घेताना माझी मुख्य धास्ती होती ती चार्जिंगच्या वेळेची. भिंतीवर बसवायचे ७.२ किलोवॉटचे मोठे यंत्र घेतल्याशिवाय आपले भागणार नाही, असे मी धरून चाललो होतो.

कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर चित्र निराळे दिसले. माझ्या गाडीची बॅटरी ३० युनिटांची आहे. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट वीज एक तास वापरणे, हे आपण बिलावरून जाणतोच. शहरातील रहदारीत, वातानुकूलन चालू ठेवून, एका भरणीत गाडी सुमारे २०० किलोमीटर धावते. चार्जिंग करताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्यामुळे बॅटरीत ३० युनिट जाण्यासाठी मीटरवर ३४ युनिटांच्या आसपास नोंद होते. म्हणजे १०० किलोमीटरला १७ युनिट, आणि माझ्या रोजच्या ३० किलोमीटरला जेमतेम ५ युनिट.

आता वेग पाहू. आपल्या घरातील गिझर वा वातानुकूलन यंत्राचा जो १५ अँपिअरचा मोठा सॉकेट असतो, त्यातून २३० व्होल्टला सुमारे ३.३ किलोवॉट वीज सुखाने घेता येते. म्हणजे माझी रोजची ५ युनिटांची गरज दीड तासात भागते. बॅटरी २० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर न्यायची झाली तरी आठ-साडेआठ तास लागतात, म्हणजे एक रात्र. ७.२ किलोवॉटच्या यंत्राने हेच काम पावणेचार तासांत होते. परंतु त्यासाठी जाड तारा लागतात, आणि घराचा मंजूर भार कमी असल्यास तो वीज कंपनीकडून वाढवून घ्यावा लागतो. माझा मंजूर भार ५ किलोवॉटचा आहे. गाडीसोबत मिळालेला साधा, हातात नेता येण्याजोगा चार्जर मला पुरेसा होता. रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरणाऱ्या सहकाऱ्यांचा हिशेब वेगळा असेल. परंतु हिशेब गाडीच्या कमाल पल्ल्यावरून न करता आपल्या रोजच्या फिरतीवरून करावा, हा पहिला धडा.

लाल दिवा

गाडी घरी आली त्या रात्री हौसेने चार्जर लावला. त्याच्यावर हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. पुस्तिकेत पाहिले तर 'अर्थिंग नाही' असा त्याचा अर्थ होता. चार्जर नवा, गाडी नवी, म्हणजे दोष चार्जरचाच असणार, अशी माझी समजूत. दुसऱ्या दिवशी गल्लीतील एका तरुण वीज कारागिराला बोलावले. त्याने सॉकेट उघडून आतल्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेच्या एका तुकड्याने जोडले. दिवा हिरवा झाला. दहा मिनिटांचे काम! मी त्याला शंभर रुपये दिले आणि वर शाबासकीही दिली.

येथे थोडे मागे जावे लागेल. माझ्या आईचे वय ८१. मधुमेह वीस वर्षांचा. दोन वर्षांपासून ती सांगत असे, "अरे, सकाळी माझ्या बोटांना झिणझिण्या येतात." मधुमेही वृद्धेच्या बोटांना झिणझिण्या म्हटल्यावर आपण सगळे जे म्हणू तेच मी म्हटले. मज्जातंतूंवरील मधुमेहाचा परिणाम! जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, पुढे दुसरे औषधही दिले. फारसा गुण आला नाही.

चार्जरचा दिवा हिरवा झाल्यानंतर तीन-चार दिवसांनी आई जेवताना म्हणाली, "तुझ्या गोळीने आता गुण आला हो. झिणझिण्या थांबल्या." मला समाधान वाटले. मी तो विषय तेथेच सोडला.

त्याच आठवड्यात आमच्या शस्त्रक्रियागृहाचे विजेचे काम पाहणारे वयोवृद्ध मिस्त्री काही कामाने घरी आले. गाडीचे कौतुक म्हणून मी त्यांना सॉकेट दाखवला. त्यांनी तो उघडला, तारेचा तुकडा पाहिला आणि क्षणभरही न थांबता मुख्य स्विच बंद करून तो काढून टाकला. त्यांनी समजावून सांगितले ते असे. न्यूट्रल व अर्थ घरात असे जोडले, आणि खांबावरून येणारी न्यूट्रलची तार कधी तुटली, तर घरातील अर्थिंगला जोडलेले प्रत्येक धातूचे अंग, म्हणजे गाडीचा सांगाडा, फ्रिजचे दार, धुलाई यंत्राचा पत्रा, सारे २३० व्होल्टला जिवंत होते. पावसाळ्यातील वादळात न्यूट्रल तुटणे ही काही अपूर्व घटना नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "पुन्हा आल्या रे झिणझिण्या."

तेव्हा कोठे, दोन वर्षांनंतर, मी तिला तो प्रश्न विचारला, जो विद्यार्थिदशेत पहिल्याच वर्षी शिकवला जातो: "आई, नेमक्या कधी येतात? कोठे उभी असतेस?" ती म्हणाली, "स्नानानंतर माझे लुगडे पिळते ना, तेव्हा ओला हात मशीनला लागला की."

घराचे निदान

मिस्त्रींनी मापन केले आणि आम्हाला सांगितले, "डॉक्टर साहब, गाडी ठीक है, घर बीमार है." आमचे घर जुने, रामबागेतील. पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे अर्थिंगची तार जमिनीत गेलेल्या लोखंडी नळाला बांधलेली होती. दोन वर्षांपूर्वी आम्ही न्हाणीघराचे नूतनीकरण केले, लोखंडी नळ काढून प्लास्टिकचे घातले, आणि त्या दिवसापासून साऱ्या घराचे अर्थिंग नाहीसे झाले. कोणाच्याही ध्यानात आले नाही, कारण अर्थिंग नसले तरी दिवा लागतो, पंखा फिरतो, पाणी तापते. फ्रिज, धुलाई यंत्र वा गिझर अर्थिंग आहे की नाही हे कधी तपासत नाहीत. मोटारीचा चार्जर मात्र सुरू होण्यापूर्वी ते तपासतो आणि नसेल तर काम नाकारतो.

आईच्या झिणझिण्यांचे कोडे आता उलगडले. धुलाई यंत्रातील अल्पशी गळती जमिनीत जाऊ शकत नव्हती, म्हणून ती पत्र्यावर साठून ओल्या हातातून, अनवाणी पायांवाटे वाट काढीत होती. त्या चार दिवसांत चुकीच्या जोडणीने तिला न्यूट्रलची वाट मिळाली, म्हणून झिणझिण्या थांबल्या होत्या. गोळीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

नवे अर्थिंग खणून झाले, साऱ्या घराला गळती-संरक्षक स्विच, ज्याला आपण आर.सी.सी.बी. म्हणतो, बसवला, आणि नवाच प्रकार सुरू झाला. गिझर लावला की तो स्विच पडे. गिझरमधील तापणारी कांडी आतून खराब झाली होती. अर्थिंग नसलेल्या घरात, आई रोज ज्या गिझरच्या पाण्याने स्नान करीत होती, तो गिझर. कांडी त्याच दिवशी बदलली. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो.

आर.सी.सी.बी. हा स्विच बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो. हा आकडा आपल्या शरीरशास्त्राशी निगडित आहे. साधारण १० ते २० मिलिअँपिअरला स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडता येईनाशी होते. त्याहून अधिक प्रवाह छातीतून काही काळ वाहिला, तर हृदयाच्या जवनिका थरथरू लागण्याचा धोका असतो. बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी विजेच्या धक्क्याच्या या मर्यादांचा अभ्यास केला आणि १९६१ मध्ये घरगुती गळती-संरक्षक साधन तयार केले. ओल्या शरीराचा रोध हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. नेहमीचा एम.सी.बी. एवढ्या प्रवाहाने मुळीच पडत नाही. तो तारांचे रक्षण करतो, माणसांचे नव्हे. शस्त्रक्रियागृहात डायथर्मीची प्लेट रोज तपासणाऱ्या माझ्यासारख्या भूलतज्ज्ञाने आपल्या घरात हे कधी पाहिले नव्हते.

खर्चाचा ताळेबंद

अर्थिंगचा खड्डा व पट्टी ६,००० रुपये. मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटर तांब्याची तार व नळी ५,०००. चार्जरच्या मार्गावर स्वतंत्र एम.सी.बी., 'ए' प्रकारचा ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. आणि मजबूत औद्योगिक सॉकेट ४,०००. मजुरी १,५००. एकूण १६,५०० रुपये. घराचा गळती-संरक्षक स्विच व गिझरची कांडी यांचा खर्च मी गाडीच्या खात्यात धरलेला नाही.

आता चालू खर्च. विजेचा दर बिलावरील सरासरीवरून धरू नये. गाडीची वीज सर्वांत वरच्या टप्प्यात मोजली जाते, शिवाय शुल्क व अधिभार येतात, आणि आमच्याकडे मध्य प्रदेशात वापराबरोबर स्थिर आकारही वाढतो. गाडीपूर्वीचे एक बिल व नंतरचे एक बिल घ्यावे, आणि रुपयांतील फरकाला युनिटांतील फरकाने भागावे. माझे उत्तर ९ रुपये आले. महिन्याला ९०० किलोमीटर, म्हणजे १५३ युनिट, म्हणजे १,३७७ रुपये. माझी जुनी पेट्रोलची गाडी शहरात लिटरला १५ किलोमीटर देई. ९०० किलोमीटरला ६० लिटर, लिटरला १०७ रुपये धरून ६,४२० रुपये. बचत महिन्याला ५,००० रुपयांच्या थोडी वर. वायरिंगचा खर्च साडेतीन महिन्यांच्या आत वसूल झाला.

हे आकडे पाहून लगेच हुरळून जाऊ नये. विजेची गाडी तशाच पेट्रोलच्या गाडीपेक्षा महाग असते. वस्तू व सेवा कर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के असूनही मला साडेतीन लाखांचा फरक पडला. माझ्या फिरतीवर तो भरून निघायला, व्याज न धरता, जवळजवळ सहा वर्षे लागतील. याच दराने रोज ६० किलोमीटर फिरणाऱ्यास तीन वर्षे पुरतील, आणि महिन्याला दोन-तीनशे किलोमीटर फिरणाऱ्या निवृत्त सभासदांनी केवळ बचतीसाठी घाई करू नये. त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. ज्या घरांचा वापर महिन्याला १५० युनिटांच्या आत असून अटल गृहज्योती योजनेची सवलत मिळते, तेथे गाडीमुळे वापर मर्यादेबाहेर गेल्यास ती सवलतही जाते. हा खर्च गाडीच्याच नावे मांडावा.

रस्त्यावरील जलद चार्जिंगची माझी एक पावती, १८ टक्के करासह, युनिटला २२ रुपयांची आहे. घरच्या दराच्या दुपटीहून अधिक. म्हणून घरी चार्जिंगची सोय हाच या गाडीच्या अर्थकारणाचा पाया होय.

सदनिकांत राहणाऱ्यांना परवानगीची काळजी वाटते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमदुरुस्तीनुसार गाडीसाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते.

काही पथ्ये

१. चार्जर जोडण्यापूर्वी अर्थिंग मोजून घ्यावे, आणि लाल दिवा आला तर त्याला फसवू नये.
२. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नये. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहावा. चटका बसत असेल तर चार्जिंग थांबवून कारागिराला बोलवावे.
३. एरवी २० ते ८० टक्क्यांत बॅटरी ठेवणे हितकर. मात्र बॅटरीचे प्रकार दोन-तीन आहेत, काहींना अधूनमधून पूर्ण भरणी लागते. पुस्तिकेतील सूचना अंतिम मानावी.
४. रात्रीच्या बोलावण्यांसाठी मी ४० टक्क्यांच्या खाली गाडी कधी ठेवीत नाही.

आणि पाचवे पथ्य गाडी न घेणाऱ्यांसाठीही आहे. घर जुने असेल, नळ बदलले असतील, घरात वृद्ध असतील, तर येत्या रविवारी एखाद्या जाणत्या मिस्त्रीला बोलावून अर्थिंग मोजून घ्या आणि आर.सी.सी.बी. बसवा. त्या स्विचवर चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहा.

आईच्या झिणझिण्या आता थांबल्या आहेत. तिची गोळी मी बंद केली, आणि कारणही तिला सांगितले. ती एवढेच म्हणाली, "मी तर मशीनचे नाव कधीच सांगितले असते. तू विचारलेस कुठे?"