लाल शाईतली ‘अंतिम सूचना’

मैलापूर, चेन्नई

चि. ओंकार यास आत्याचा आशीर्वाद.

तू पाठवलेला कागद चष्मा पुसून दोनदा वाचला. वर तराजूचं चित्र, खाली लाल अक्षरांत ‘अंतिम सूचना’ आणि गाडीच्या पार्किंगच्या थकलेल्या भाड्यापोटी रक्कम १९,१०० रुपये. रात्री साडेअकराला फोन केलास म्हणून मी रागावलेले नाही. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. बँकेत शेवटची सात वर्षं मी वसुली विभागात होते आणि असली पत्रं मी स्वतः लिहिली आहेत. आमच्याकडे तीन मसुदे असत: मवाळ, कडक आणि शेवटचा. ‘शेवटचा’ एकेकाला चार-चार वेळा जाई.

तेव्हा लाल शाई बाजूला ठेव आणि कागदात काय नाही ते बघ. पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, नुसता मोबाइल नंबर. पार्किंगवाल्याने वसुलीचं काम यांना दिलं असल्याचा पुरावा नाही. कराराची प्रत नाही. हिशेब मात्र सुबक आहे: जानेवारी ते ऑगस्ट, महिना १,२०० प्रमाणे ९,६००, विलंब शुल्क ६,०००, वसुली खर्च ३,५००. विलंब शुल्क कुठल्या दराने लावलं, ते कुणालाच विचारता येऊ नये अशी ती गोल रक्कम आहे.

पावसाळ्यापुरती गाडीसाठी उंचावरची जागा घेतलीस हे बरोबरच केलंस. २०२३च्या डिसेंबरात मिचाँग वादळाने वेळचेरीत काय केलं ते आपण पाहिलंय. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात पावसाचा इशारा आला, तशा लोकांनी गाड्या थेट वेळचेरीच्या उड्डाणपुलावर नेऊन लावल्या. तुझं चुकलं ते गाडी काढताना. १२ जानेवारीला गाडी काढलीस आणि वॉचमनला तोंडी सांगून आलास. तो वॉचमन आता गावी गेलाय. एक ओळ मालकाला मेसेज केली असतीस, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. आणि जानेवारीचे १,२०० तू दिलेले नाहीस, हेही खरं. ते तुझं देणं आहे. त्यात वकिली करायची नाही.

बाकीच्याचं काय, ते सांगते. थकलेलं भाडं हा दिवाणी मामला. त्यासाठी पोलीस दारात येत नाहीत आणि वसुलीवाल्याला तुझ्या घरात शिरायचा, गाडी उचलायचा काडीचाही अधिकार नाही. धमकी दिलीच, तर भारतीय न्याय संहितेचं ३५१ कलम त्याच्यावर लागू शकतं. सिबिलची भीतीही पोकळ आहे. तिथे कर्जाची माहिती बँका आणि वित्तसंस्था देतात, पार्किंगवाला नव्हे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम मात्र बँकांच्या आणि वित्तसंस्थांच्या कर्जवसुलीपुरता आहे. तो याच्या तोंडावर फेकू नकोस, हसं होईल.

दंडाचं म्हणशील, तर १८७२च्या करार कायद्याचं ७४वं कलम तुझ्या बाजूचं आहे. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला, तरी न्यायालय त्या आकड्याच्या आत राहून रास्त वाटेल तेवढीच भरपाई देतं. तुझ्या पावतीच्या मागे तर आकडाही नाही. इंग्लंडमधला तुझा मित्र ‘दुर्लक्ष कर, काही होत नाही’ म्हणाला ना? त्याला सांग, तिथेच २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका माणसाचा ८५ पौंडांचा पार्किंग दंड कायम केला. दोन तासांच्या जागेत तो ५६ मिनिटं जास्त थांबला होता, आणि दंडाचा फलक तिथे ठळक लावलेला होता. दुर्लक्ष करणं हा सल्ला मला तिथेही पटत नाही, इथेही नाही.

कारण एक कागद असा आहे की जो टाळायचाच नसतो: न्यायालयाचं समन्स. वकिलाची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. ती फक्त वकिलाने लिहिलेली चिठ्ठी. समन्सवर खटल्याचा क्रमांक आणि तारीख असते, आणि तो क्रमांक ईकोर्ट्‌सच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ते आलं आणि तू हजर राहिला नाहीस, तर समोरचा म्हणेल त्यावरच निकाल होऊ शकतो. मग १९,१०० खरंच द्यावे लागतील.

आता फोन उचलणं बंद कर. ‘आत्ता पाचशे टाका, फाइल बंद करतो’ असं वसुलीवाला म्हणेलच. आम्हीही म्हणत असू. अशा थोड्याशा पैशांमागे आमचा हिशेब असे: मुदतीत लेखी नोंदीसह काही रक्कम भरली, की दाव्याची तीन वर्षांची मुदत नव्याने सुरू होते. म्हणून जे काही कबूल करायचं ते एकदाच, कागदावर आणि नेमकं. लिही की, गाडी १२ जानेवारीला काढली. जानेवारीचं भाडं मान्य, ते मालकाच्या खात्यावर भरत आहे. बाकी रक्कम अमान्य. कराराची प्रत आणि वसुलीचं अधिकारपत्र पाठवावं. यापुढे लेखीच बोलावं. माफी नको, शिवी नको, आईच्या आजारपणाची कहाणी तर नकोच. पत्र मालकाच्या नावाने स्पीड पोस्टाने धाड. साधं रजिस्टर्ड आता वेगळं राहिलेलं नाही, २०२५मध्ये ते स्पीड पोस्टात मिसळलं. पावती जपून ठेव. त्यानंतरही छळ चालूच राहिला, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

जाता जाता, काल तू तो दुसरा ‘चलान’चा मेसेज दाखवलास. त्यातली एपीके फाइल उघडू नकोस. खरं चलान गाडीचा नंबर टाकून परिवहनच्या संकेतस्थळावर दिसतं; व्हॉट्सॲपवर ॲप उतरवायला सांगतो तो भामटा.

शनिवारी मसुदा घेऊन ये. गाडी काढलीस त्या दिवसाचे सोसायटीच्या गेटवरचे फोटो आणि पार्किंगची ती पावतीही आण. मैलापूरचं पोस्ट दुपारपर्यंत उघडं असतं, तिथून जाऊ.

तुझी,
आत्या