क्रॉस वारंवार तुटतो? आधी कोन मोजा

सोलापूरची चादर आणि टॉवेल मागावरून उतरला म्हणजे व्यापार पुरा झाला असे होत नाही. माल गिऱ्हाईकाच्या दुकानात वेळेवर उतरला तरच पैसा हाती येतो. म्हणून आज कपड्याऐवजी गाडीविषयी चार गोष्टी लिहीत आहे.

माझ्या पिकअपचा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस नऊ महिन्यांत तीन वेळा गेला. तिसऱ्यांदा तो तुळजापूरच्या घाटात तुटला. गाडीत लातूरचा ईदचा माल होता. दोन दिवस उशीर झाला आणि अर्धा माल परत आला. मी गॅरेजच्या मुलावर संतापलो, खराब क्रॉस बसवला म्हणून त्याची मजुरी अडवली. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी गाडीखाली जाऊन पाहिले व म्हणाले, "सेठ, क्रॉसचा कसूर नाही. पाटे कोणी वाढवायला सांगितले?" सांगितले मीच होते, चार गठ्ठे जास्त बसावेत म्हणून.

दोष कसा निर्माण होतो?

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअर बॉक्सची ताकद शाफ्टमार्फत हौसिंगच्या पिनियनला मिळते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी सतराव्या शतकात या सांध्याचा अभ्यास केला, म्हणून पुस्तकांत त्याला हूकचा सांधा म्हणतात.

या सांध्याचा एक स्वभाव आहे. तो तिरका चालला की पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत असूनही मागचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद व दोनदा मंद होतो. ३ अंशांवर हा फरक नगण्य असतो, पण १० अंशांवर वेग सुमारे दीड टक्का पुढे-मागे होतो. शाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर असे झटके सेकंदाला १०० बसतात. हादरा, गुणगुण, क्रॉसची झीज ही त्याचीच फळे.

इलाज सोपा आहे. पुढचा क्रॉस जेवढा बिघडवतो, तेवढेच मागचा दुरुस्त करतो; मात्र दोन्ही कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. शाफ्ट मधून उघडताना पंचने खूण न केल्यास योक चुकीचे बसतात. ही चूक फार वेळा होते.

मोजणी

गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी करावी, जॅकवर नव्हे. चाकांना ठोकळे लावावेत, हवा सारखी असावी व नेहमीचा माल भरलेला असावा. चुंबकाचा कोनमापक मिळतो. तो नसेल तर मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन मधोमध दोरा व खाली नट बांधावा, ओळंबा तयार झाला. गिअर बॉक्सचा फ्लँज, शाफ्टची नळी आणि पिनियनचा फ्लँज, अशा तीन जागी उतार मोजावा.

उदाहरण घेऊ. गिअर बॉक्स मागे ३ अंश उतरता, शाफ्ट ५ अंश उतरता आणि पिनियनचे तोंड ३ अंश वर. पुढचा कोन ५ वजा ३ म्हणजे २, मागचाही २. हिशेब जुळला. पण पिनियन आडवे, म्हणजे शून्यावर असेल तर मागचा कोन ५ होतो. तेथे कितीही महाग क्रॉस घाला, टिकणार नाही.

साधारणपणे प्रत्येक कोन १ ते ३ अंश असावा व दोन्हींत १ अंशाहून जास्त फरक नसावा. कोन अगदी शून्यही नको. क्रॉसच्या सुया हलल्या नाहीत तर एकाच जागी खड्डे पाडतात. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचा हिशेब वेगळा, तो कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे करावा.

दुरुस्ती

आधी इंजिन व गिअर बॉक्सचे दबलेले रबर, ढिले यू-बोल्ट आणि तुटलेला सेंटर बोल्ट पाहावा. त्यानंतरच पाटा व हौसिंग यांच्यामध्ये पोलादी पाचर बसवून पिनियनचे तोंड वर-खाली करावे. पाचर उलटी बसली तर दोष दुप्पट होतो, म्हणून बसवल्यावर पुन्हा मोजावे आणि काही दिवसांनी यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.

हौशी तरुण जुन्या जीपला दमदार इंजिन बसवतात. त्यांनी ध्यानात ठेवावे, जोर लागताच पाटे पिळतात आणि पिनियनचे तोंड वर उचलले जाते. म्हणून अशा गाडीत उभ्या स्थितीत तोंड १-२ अंश कमी ठेवतात, म्हणजे जोर लागल्यावर ते बरोबर जागी येते.

माझ्या गाडीचे वाढवलेले पाटे काढले, दबलेले रबर बदलले, एक पाचर बसली. त्यानंतर क्रॉस गेलेला नाही. त्या मुलाची अडवलेली मजुरी मी घरी जाऊन दिली व माफी मागितली.

सूरह अल-मुतफ्फिफीनची सुरुवातच मापात कसूर करणाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्याने होते. आपण कापड मीटरने नीट मोजतो. कारागिराने अंशही तसेच मोजावेत. आणि व्यापारी बंधूंनो, त्या मोजणीला लागणाऱ्या तासाभराची मजुरी आपण खुशीने द्यावी. गाडीवर तिच्या ताकदीपेक्षा जास्त भार घालून दोष दुसऱ्याच्या माथी मारणे, हा व्यवहार नव्हे.