गुलाबी बोंडअळीचा पतंग : शरीररचना व प्रसार

आमच्या वऱ्हाडात कापसाला 'पांढरे सोने' म्हणतात. या सोन्याला पोखरणारी गुलाबी बोंडअळी शेतकऱ्याच्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु ही अळी ज्या पतंगापासून होते, तो पतंग मात्र फारच थोड्यांनी पाहिलेला असतो. मी स्वतः कापूस उत्पादकाची मुलगी. आई वेचणीला जाई तेव्हा धुऱ्यावर बसून मी अभ्यास केला. तरीही हा पतंग मी प्रथम पाहिला तो महाविद्यालयात आल्यावर. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे, प्राणिशास्त्राची नव्हे. तेव्हा या लेखात काही उणे आढळल्यास वाचकांनी ते सांभाळून घ्यावे, ही विनंती.

नाव आणि ओळख

या पतंगाचे शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला असे आहे. गेलेचिइडी या लहान पतंगांच्या कुळात त्याची गणना होते. भडोचकडून आलेल्या नमुन्यांवरून विल्यम विल्सन सॉन्डर्स या इंग्रज अभ्यासकाने १८४३-४४ च्या सुमारास त्याचे प्रथम वर्णन केले. म्हणजे जगाला या किडीची ओळख झाली ती आपल्याच देशातील कापसावरून. 'गॉसिपिएला' हा शब्द कापसाच्या गॉसिपियम या लॅटिन नावावरून आला. 'पेक्टिनोफोरा' म्हणजे 'फणी धारण करणारा'. १९१७ मध्ये ऑगस्ट बस्क यांनी ही प्रजाती वेगळी मानून तिला हे नाव दिले. फणी कोणती, ते पुढे येईलच.

शरीररचना

पंख पसरले असता हा पतंग जेमतेम १५ ते २० मिलिमीटर भरतो. रंग करडा-तपकिरी असून पुढच्या पंखांवर काळसर डाग असतात. मातीवर किंवा वाळलेल्या पाल्यावर तो बसला की दिसत नाही. त्यातून तो निशाचर. दिवसा ढेकळांच्या फटीत व पालापाचोळ्यात दडून राहतो. शेतकऱ्याची आणि त्याची गाठ पडत नाही ती यामुळेच.

शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील एका सरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली हा पतंग पाहू दिला. इतर कीटकांप्रमाणे त्याच्याही शरीराचे डोके, वक्ष व उदर असे तीन भाग असतात. डोक्यावर दोन लांब स्पृशा असतात. स्पृशेच्या अगदी मुळाच्या पेरावर पाच-सहा ताठ, लांब केस ओळीने उभे असतात. हीच ती फणी! तोंडाशी दोन्ही बाजूंनी वर वळलेले, हत्तीच्या सुळ्यांसारखे दिसणारे दोन अवयव असतात. त्यांना ओष्ठस्पर्शक म्हणतात. त्यांच्या शेवटच्या पेरावर दोन काळे पट्टे असतात. पुढचे पंख अरुंद, तर मागचे रुपेरी करडे, टोकाशी एकदम निमुळते झालेले आणि कडेला लांब केसांची झालर असलेले असतात. मादीच्या उदराच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून एक गंध सुटतो व त्या गंधाच्या मागावर नर येतो. १९७३ मध्ये या गंधाची रासायनिक घडण शास्त्रज्ञांना उलगडली. आज शेतात लावतात ते कामगंध सापळे याच शोधाचे फळ होय.

जीवनक्रम

मादी रात्री पाते, फुले व हिरव्या बोंडांवर शंभराहून अधिक अंडी घालते. अंडे अर्ध्या मिलिमीटरचे, मोत्यासारखे पांढरे असते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर पडते. ती प्रथम पांढुरकी असून वाढत्या वयाबरोबर तिच्या अंगावर गुलाबी पट्टे उमटतात. पूर्ण वाढलेली अळी १० ते १२ मिलिमीटर लांब असते. फुलात शिरलेली अळी पाकळ्या धाग्यांनी बांधून टाकते व फूल गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. त्याला आपण डोमकळी म्हणतो. बोंडात शिरलेली अळी आत सरकी खाते आणि तिचे आत शिरण्याचे छिद्र पुढे बुजून जाते. म्हणून बोंड वरून निरोगी दिसते आणि फुटल्यावर हाती कवडी येते. अळी एकदा आत गेली की फवारणीचे औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

हंगामाच्या शेवटी काही अळ्या कोष न करता सुप्तावस्थेत जातात. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्या पोकळीत अळी महिनोन् महिने पडून राहते. या किडीचा सारा इतिहास या जोडसरकीत दडलेला आहे.

प्रसार

एवढासा पतंग समुद्र ओलांडणार कसा? त्याने ते काम माणसाकडून करवून घेतले. सरकीत झोपलेली अळी बियाण्याबरोबर जहाजात चढली. १९०६-०७ च्या सुमारास ती भारतातून इजिप्तमध्ये गेली, इजिप्तच्या बियाण्याबरोबर १९११ च्या सुमारास मेक्सिकोत पोहोचली आणि १९१७ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात आढळली. पुढे कापूस पिकविणाऱ्या बहुतेक उष्ण देशांत तिने ठाण मांडले. कापूस नसेल तेव्हा भेंडी, अंबाडी यांसारख्या त्याच कुळातील झाडांवर ती निभावून नेते.

अमेरिकेने मात्र बीटी कपाशी, वंध्य केलेल्या पतंगांची सोडणूक, कामगंध आणि पऱ्हाट्यांचा वेळेवर नाश यांची सांगड घालून २०१८ मध्ये या किडीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. आपल्याकडे उलट घडले. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. २०१० मध्ये गुजरातेतील काही भागांत अळीने पहिल्या बीटी वाणावर मात केल्याचे जाहीर झाले आणि पुढे दुसऱ्या वाणाचीही तीच गत झाली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात हाहाकार उडाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले.

त्या साली मी अकरा वर्षांची होते. आमची दुसरी वेचणी निम्म्यावर आली. बाबांनी फरदड ठेवून एप्रिलपर्यंत पऱ्हाटी उभी राखली. खर्च निघेल ही आशा. आज कळते की ती अळीच्या पुढच्या पिढीची सोय होती. दुसरी गोष्ट अधिक बोचते. बीटी बियाण्याच्या पिशवीबरोबर बिगर-बीटी बियाण्याची एक लहान पुडी मिळे. ती शेताच्या कडेने लावावयाची असे. त्या झाडांवर वाढलेल्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचा संकर झाला की अळीची प्रतिकारशक्ती लवकर वाढत नाही. आमच्या घरी ती पुडी दरवर्षी उकिरड्यावर जाई. माहितीपत्रकात सारे छापलेले होते, पण घरात वाचणारे कोणी नव्हते.

उपाय

उपाय अवघड नाहीत. डिसेंबर-जानेवारीपर्यंत हंगाम संपवावा, फरदड घेऊ नये, पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर ठेवू नयेत, डोमकळ्या तोडून नष्ट कराव्यात. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले तर नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. पण हे एकट्यादुकट्याने करून भागत नाही. शेजारचे शेत फरदडीत उभे असेल तर पतंगाला धुरा अडवीत नाही. सारे गाव एक झाले तरच उपयोग.

यंदा आम्ही सापळे लावले. एका सकाळी सापळ्यातले पतंग मी कागदावर काढून बाबांना दाखविले. त्यांनी बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, "चाळीस वर्सं झाली कापूस पेरतो, पण हे पाखरू आज पाह्यलं." मग वहीत रोजचे आकडे लिहून ठेवायला त्यांनी मला सांगितले. ती वही आता गावातले इतर शेतकरीही मागून नेतात. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपण खेड्यातील मुलामुलींनी घरी आलेले एवढे एक माहितीपत्रक मोठ्याने वाचून दाखविले, तरी आपल्या शिक्षणाचा पहिला हप्ता फिटला असे मला वाटते.