कर्करोगावरील औषधे आणि हृदय

बंगळुरातील चामराजपेट ही वस्ती १८९२ साली वसविण्यात आली. तेथील जुन्या घरांच्या कुंपणाशी सदाफुली दिसते. महाराष्ट्रातील अंगणांतही ती असतेच. १९५८ साली कॅनडात नोबल व बीअर या संशोधकांनी तिच्या पानांतून विनब्लास्टिन हे द्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. पेशीचे विभाजन होताना जे सूक्ष्म तंतू तयार होतात, ते तयार होण्यातच हे द्रव्य अडथळा आणते. कर्कपेशी वारंवार विभागतात, म्हणून त्या अधिक मरतात. परंतु शिरेतून देताना औषधाचा थेंब बाहेर पाझरला, तर भोवतालचे मांस जळल्यासारखे नासते. ब्लिओमायसिनच्या जोडीने ते दिल्यास काही रुग्णांची बोटे थंडीत पांढरी पडतात, कारण तेथील रक्तवाहिन्या आकसतात.

हृदयाचे प्रकरण याहून गंभीर आहे. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध इटलीतील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजंतूच्या बदललेल्या वाणापासून मिळाले. ते कर्कपेशीतील जनुकद्रव्याची घडी उलगडणारे एक विकर निकामी करते. त्याच कुळातील विकर हृदयपेशींतही असते; त्यावर आघात झाला की पेशीतील ऊर्जाकेंद्रे बिघडतात. त्वचेच्या पेशी मेल्या तर नव्या येतात; हृदयाच्या स्नायुपेशी मात्र जवळजवळ पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून येथील हानी साचत जाते, आणि मोजावी लागते ती एका वेळची मात्रा नव्हे, तर आजवरची एकूण मात्रा. १९७९ सालच्या एका पाहणीत शरीराच्या दर चौरस मीटरमागे एकूण ४०० मिलिग्रॅम औषध मिळालेल्यांपैकी सुमारे ३ टक्के, ५५० नंतर ७ टक्के व ७०० नंतर १८ टक्के रुग्णांचे हृदय दुबळे झाल्याचे आढळले. पुढील अभ्यासांत हा धोका याहून अधिक असल्याचे दिसून आले.

प्रत्येक औषधाची तऱ्हा निराळी. फ्लुओरोयुरॅसिलने हृदयाच्या रोहिण्या एकाएकी आकसून छातीत कळ येते. औषध थांबविताच ती बहुधा ओसरते. सिसप्लॅटिन रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर दुखावते, गुठळ्यांचा संभव वाढविते. ट्रॅस्टुझुमॅबने मंदावलेले हृदय औषध बंद केल्यावर पुष्कळदा सावरते.

यासाठी चिकित्सेपूर्वी व मधून मधून ध्वनिलहरींच्या चित्रणाने हृदयाची तपासणी करतात. लहानपणी डॉक्सोरुबिसिन घेतलेल्याचे हृदय वीस वर्षांनीही थकू शकते. औषधाचे नाव व एकूण मात्रा लिहिलेला कागद नव्या वैद्यास दाखविला, तरच त्यास या धाप लागण्याचे मूळ सापडते.