पाठटिपण : पाणघोडा आणि कासव

डिसेंबर २००४ मध्ये केनियातील मालिंदीजवळ समुद्रात अडकलेले, कळपास मुकलेले पाणघोड्याचे पिल्लू लोकांनी जाळी टाकून वाचविले. मोंबासाच्या हॅलर उद्यानात आणताच ते ‘म्झी’ नावाच्या शतायुषी कासवाआड लपले. कासव प्रथम दूर सरले. पिल्लाने मात्र पाठ सोडली नाही. पुढे दोघे एकत्र खाऊ, पोहू व निजू लागले.

गोष्ट सांगून शिक्षकांनी विचारावे : कासव आई नव्हते, मग पिल्लास त्याच्यापाशी काय लाभले? उत्तर मुलांकडूनच येऊ द्यावे. तात्पर्य फळ्यावर लिहू नये. वर्गात पोरके मूल असल्यास त्याचे उदाहरण देऊ नये. त्यास आपल्या पसंतीच्या सोबत्याशेजारी बसू द्यावे, आणि सोबत्यासही थोडा अवधी द्यावा.