बायॉस उडाला म्हणजे बोर्ड मेला असं नाही!

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात "बोर्ड गेला, नवीन टाका" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं असतं. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण बायॉस अपडेट करताना मध्येच लाईट गेली आणि त्यानंतर मशीन चालूच होईना, अशी केस असेल तर ते लगेच मान्य करू नका. अशा बोर्डावरचं हार्डवेअर बहुतेक वेळा ठणठणीत असतं. गेलेला असतो तो फक्त काही मेगाबाइटचा एक प्रोग्रॅम. तो जातो कसा आणि परत कसा भरायचा, हे या लेखात पाहू.

बायॉस राहतो कुठे?

मायक्रोप्रोसेसरच्या पेपरला हमखास येणारा प्रश्न आठवा. रीसेट झाल्यावर ८०८६ पहिली इन्स्ट्रक्शन कुठून उचलतो? सीएसमध्ये एफएफएफएफ, आयपीमध्ये शून्य, म्हणजे पत्ता एफएफएफएफ० हेक्स. १ मेगाबाइटच्या हद्दीच्या फक्त १६ बाइट अलीकडे. हा प्रोसेसर १९७८ सालचा. पण त्याचे आजचे वंशजही तेच करतात, फक्त हद्द ४ गिगाबाइटची झाली आहे. त्या पत्त्यावर रॅम नसते. चिपसेट ती मागणी मदरबोर्डावरच्या एका छोट्या फ्लॅश चिपकडे वळवतो, आणि तिथेच आपला बायॉस बसलेला असतो. (आजच्या बोर्डांवर खरं तर यूईएफआय असतं, पण सवयीने सगळे त्याला बायॉसच म्हणतात. आपणही तेच म्हणू.)

जुन्या बोर्डांवर ही चिप चौकोनी, ३२ पायांची आणि सॉकेटमध्ये बसवलेली असायची. आता ती साधारणपणे आठ पायांची आणि थेट बोर्डावर सोल्डर केलेली असते. तिच्यावर २५क्यू६४ असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. ६४ म्हणजे ६४ मेगाबिट, अर्थात ८ मेगाबाइट.

अर्धवट अपडेट इतका घातक का?

फ्लॅश मेमरीचा शोध तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात लावला. या मेमरीचा एक स्वभाव आहे. लिहिताना १ चा ० करता येतो, पण ० चा परत १ करायचा असेल तर एकेक बिट बदलता येत नाही, अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. पुसलेल्या ब्लॉकमधला प्रत्येक बाइट एफएफ होतो. म्हणजे अपडेटचा क्रम ठरलेला: आधी पुसायचं, मग लिहायचं. फळा पुसून झालाय आणि नवीन लिहायच्या आत कुणी खडू हिसकावून घेतला, तर काय होईल? लाईट गेल्यावर नेमकं तेच होतं.

आता गंमत बघा. नवीन बायॉस चढवायला प्रोग्रॅम चालवावा लागतो. प्रोग्रॅम चालवायला बोर्ड सुरू व्हावा लागतो. आणि बोर्ड सुरू व्हायला बायॉस लागतो! विहीर खोल नाही हो, पण दोरच विहिरीत पडलाय.

हे मुद्दामही घडवता येतं हे जगाने १९९९ मध्ये पाहिलं. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या वर्षी २६ एप्रिलला जागा झाला. हार्ड डिस्कच्या सुरुवातीचा भाग तर तो खराब करायचाच, शिवाय काही ठराविक चिपसेटच्या बोर्डांवर बायॉसमध्येही कचरा लिहायचा. चेर्नोबिलच्या अपघाताची तारीखही २६ एप्रिल, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल व्हायरस म्हणू लागले.

आधी निदान, मग औषध

पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी आणि बीपही नाही, एवढ्यावरून बायॉस गेला असं म्हणता येत नाही. रॅम काढून, कॉन्टॅक्ट साफ करून परत बसवा. एकच स्टिक लावून बघा. नंतर पॉवर केबल काढून बोर्डाच्या मॅन्युअलप्रमाणे सीमॉस क्लिअर करा. मात्र लक्षात ठेवा, सीमॉस क्लिअर केल्याने फक्त सेटिंग्ज मूळपदावर येतात. प्रोग्रॅमच पुसला गेला असेल तर बॅटरी शंभर वेळा काढून-घालूनही उपयोग नाही.

आणि एक दिलासा: हार्ड डिस्कवरचा डेटा या भानगडीत पुसला जात नाही. फक्त बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी हवी.

सोपे उपाय आधी

१. बूट ब्लॉक: बायॉसचा एक छोटा भाग अपडेटमध्ये शक्यतो पुसत नाहीत. बाकी बायॉस खराब दिसला की हा भाग नवीन फाईल शोधतो. अवॉर्डच्या जुन्या बायॉसमध्ये त्यासाठी फ्लॉपी लागायची आणि अनेक बोर्डांवर त्या अवस्थेत फक्त आयएसए ग्राफिक्स कार्डच चालायचं, त्यामुळे स्क्रीन काळीच ठेवून फ्लॉपीच्या आवाजावरून अंदाज बांधावा लागे. एएमआयच्या बायॉसमध्ये कंट्रोल आणि होम ही बटणं दाबून रिकव्हरी सुरू व्हायची. आता फ्लॉपीची जागा पेन ड्राइव्हने घेतली आहे.

२. दुसरी चिप: गिगाबाइटच्या अनेक बोर्डांवर ड्युअल बायॉस असतो. मुख्य चिप बिघडली तर राखीव चिपवरून बोर्ड उठतो.

३. फ्लॅशबॅक बटण: आसूसच्या फ्लॅशबॅकसारखी सोय असलेल्या बोर्डांवर एक वेगळा कंट्रोलर असतो. प्रोसेसर किंवा रॅम न लावताही तो पेन ड्राइव्हवरची फाईल थेट चिपमध्ये लिहितो. फाईलचं नाव आणि यूएसबी पोर्ट मात्र मॅन्युअलमध्ये दिलेलंच हवं.

४. हॉट स्वॅप: सॉकेटच्या जमान्यातला धाडसी प्रकार! तसाच दुसरा बोर्ड सुरू करायचा, मशीन चालू असतानाच त्याची चिप उपसायची, आपली बसवायची आणि फ्लॅश करायची. बायॉसचा कोड तोवर रॅममध्ये कॉपी झालेला असतो म्हणून मशीन बंद पडत नाही. पण हात जरा घसरला की एकाऐवजी दोन बोर्ड जायचे. आता याची गरज नाही.

शेवटचा उपाय: प्रोग्रॅमर

आमच्या हॉस्टेलमधल्या एका मित्राचा सेकंडहँड पीसी नेमका असाच बसला. घरच्यांनी पैसे जमवून घेऊन दिलेला, आणि दुकानदार म्हणाला, बोर्ड बदला. बोर्डाची किंमत ऐकून त्याने पीसी भंगारात द्यायची तयारी केली होती. फ्लॅशबॅक बटण नव्हतं, दुसरी चिप नव्हती. मग आम्ही सीएच३४१ए हा काहीशे रुपयांत मिळणारा यूएसबी प्रोग्रॅमर, आठ पायांची क्लिप आणि लिनक्सवरचं फ्लॅशरॉम हे फुकट सॉफ्टवेअर घेऊन बसलो.

पहिलं काम मल्टिमीटरचं. बहुतेक चिप ३.३ व्होल्टच्या असतात, काही १.८ च्या, आणि त्यांना वेगळा अडॅप्टर लागतो. या प्रोग्रॅमरच्या काही प्रकारांत डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट येतात, म्हणून चिप जोडायच्या आधीच मोजून घ्यायचं. बोर्डाची पॉवर केबल आणि सीमॉस बॅटरी दोन्ही काढायच्या. चिपवरच्या ठिपक्याजवळचा पाय म्हणजे पाय क्रमांक १, तिथे क्लिपची लाल वायर.

दुसरं काम लिहायचं नाही, वाचायचं! चिपमधला मजकूर दोनदा वाचून दोन फाईली ताडून पाहायच्या. आमच्या पहिल्या दोन जुळल्याच नाहीत, कारण क्लिप नीट बसत नव्हती. चिपचे पाय स्पिरिटने पुसून क्लिप पुन्हा लावली, तेव्हा पुढच्या दोन बाइट-टू-बाइट सारख्या आल्या. ही प्रत जपून ठेवा. काही बोर्डांवर नेटवर्क पोर्टचा मॅक ॲड्रेस आणि सीरियल नंबर याच चिपमध्ये असतात.

ती फाईल हेक्स एडिटरमध्ये उघडली आणि सगळी थिअरी डोळ्यांसमोर आली. बराच भाग व्यवस्थित, मग अचानक एफएफ, एफएफ, एफएफ, ओळीच्या ओळी. फाईलीची शेवटची ओळ म्हणजे शेवटचे १६ बाइट. ८०८६ वाला तोच पत्ता! ठीक असलेल्या फाईलीत तिथे जंप इन्स्ट्रक्शन असते. इथे नुसते एफएफ. बिचारा प्रोसेसर उठून जाणार तरी कुठे?

तिसरं काम फाईलीचं. कंपनीच्या साइटवरची फाईल दरवेळी जशीच्या तशी चालत नाही, काहींना पुढे जादा हेडर असतो. ८ मेगाबाइटच्या चिपसाठी फाईल बरोबर ८३,८८,६०८ बाइटची हवी, एकही कमी-जास्त नाही. आम्ही नेटवर्कचा भाग जुन्या प्रतीतला तसाच ठेवला आणि फक्त बायॉसचा भाग नवीन घातला. मग लिहिलं. फ्लॅशरॉम लिहून झाल्यावर चिप परत वाचून स्वतःच पडताळणी करतं. पडताळणी झाली, क्लिप काढली, बॅटरी लावली, पॉवर दिली. पहिल्यांदा मशीन थोडा वेळ गप्प राहिलं, आणि मग एक छोटा बीप! मित्राने तो बीप ऐकून जी आरोळी ठोकली ती वॉर्डनपर्यंत पोचली.

कधी कधी क्लिप लावूनही चिप ओळखली जात नाही, कारण प्रोग्रॅमरचा करंट बोर्डावरचे इतर पार्टही ओढतात. तेव्हा चिप सोल्डर काढून वेगळी करावी लागते. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

आणि हे टाळायचं कसं?

मशीन नीट चालत असेल तर उगीच नवीन व्हर्जनचा सोस नको. सिक्युरिटीची दुरुस्ती किंवा नव्या प्रोसेसरचा सपोर्ट असं कारण असेल तर जरूर करा, पण यूपीएसवर. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा. बोर्डाचं मॉडेलच नाही तर रिव्हिजनही बोर्डावर छापलेली बघून मगच फाईल घ्या. बिटलॉकर आधी थांबवून ठेवा आणि त्याची की कागदावर लिहून घ्या.

तरीही झालाच घोटाळा, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक संध्याकाळ बोर्डासाठी काढा. इलेक्ट्रॉनिक्सच्या एखाद्या मित्राकडे प्रोग्रॅमर असेलच. त्याला वडापाव खिलवा आणि कामाला लागा!