सामायिक दप्तर आणि नवी प्रणाली

प्रश्न : मंचरच्या आमच्या पतसंस्थेत उबुंटूची नवी आवृत्ती चढवल्यापासून सर्व्हरवरचे सामायिक दप्तर उघडू जाता संगणक गोठतो. दप्तर नष्ट झाले असेल का?
— एक वाचक, आंबेगाव तालुका

उत्तर : महोदय, आपली धास्ती निराधार आहे, कारण आपले दप्तर बहुधा ज्यावर चालत असावे त्या एनएफएस (नेटवर्कवरून फायली सामायिक करण्याच्या) पद्धतीत फायली सर्व्हरच्याच डिस्कवर असतात आणि गोठतो तो केवळ त्या मागणारा, उत्तराची वाट पाहत तिष्ठणारा संगणक. तरीही प्रथम सर्व्हरवरील दप्तराची नक्कल बाह्य डिस्कवर घ्यावी. मग गोठणारा संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतून, शिल्लक असल्यास, जुना कर्नल (प्रणालीचा गाभा) निवडावा. त्यावर काम सुरळीत चालले, तर दोष बहुधा नव्या कर्नलचा समजून दुरुस्ती येईपर्यंत जुनाच वापरावा. नव्या कर्नलांत एनएफएसचा यूडीपी मार्ग बहुधा बंद असतो, म्हणून एफएसटॅब या फाइलमधील तसा जुना उल्लेख बदलून टीसीपी लिहावे. फॉरमॅट करण्याचा सल्ला मात्र, तो कोणीही देवो, मुळीच मानू नये.